थिओबाल्ड बोएम

वाद्याचें वेड आणि बेताची मिळकत ह्या दोन गोष्टी पुष्कळदां एकाच घरांत नांदतात. आमच्या बँडमधील एका विद्यार्थ्याचे वडील मध्यंतरीं आमच्याकडे आले होते. मुलगा परीक्षा उत्तीर्ण होऊन कॉलेजांत जाणार. तेथील वाद्यवृंदांत घेण्यापूर्वीं वादनाची पारख होते. आणि त्याचें क्लॅरिनेट पडलें अगदीं नवशिक्याचें. मुलगा नवें वाद्य मागत होता, आणि वडिलांची शिल्लक तर प्रवेशाच्या फीलाच जेमतेम पुरणारी होती. काय करावें, असा त्यांचा प्रश्न. आम्हीं दिलेलें उत्तर शेवटीं सांगूं. त्या क्लॅरिनेटाच्या रचनेला ज्या पुरुषाचें नांव जोडलेलें आहे, त्याचें चरित्र वाचकांनीं आधीं ऐकावें. कारण आमच्या उत्तराचा उगम तेथेंच आहे.

थिओबाल्ड बोएम ह्यांचा जन्म जर्मनींतील बव्हेरिया प्रांताची राजधानी म्युनिक येथें ता. ९ एप्रिल १७९४ रोजीं झाला. वडील सोनार होते. मुलानेंही लहानपणापासून दुकानांत बसून कानस, हातोडी व मूस ह्यांची ओळख करून घेतली. सोनाराच्या कामांत केसाएवढी चूकही डोळ्यांना खुपते. हें बारकाव्याचें शिक्षण त्याला पुढें जन्मभर उपयोगीं पडलें. गाण्याबजावण्याचा नाद त्याला आपोआप लागला. प्रथम त्यानें तोंडांत उभी धरून वाजवावयाची लहान बांसरी हातीं घेतली, आणि मग तो आडव्या बांसरीकडे, म्हणजे फ्लूटकडे वळला.

त्याच्याजवळची फ्लूट अगदीं साधी होती. त्या काळीं ड्रेस्डेन शहरच्या ग्रेन्सर नांवाच्या कारागिराच्या चार चाव्यांच्या फ्लूट नांवाजलेल्या होत्या. तसली एक फ्लूट थिओबाल्डनें पाहिली आणि ती आपल्याला असावी असें त्याला वाटलें. सोळा वर्षांच्या त्या मुलानें १८१० च्या सुमारास तो नमुना समोर ठेवून स्वतःच्या हातांनीं तशी फ्लूट तयार केली. राजदरबारच्या वाद्यवृंदांतील कापेलर नांवाच्या वादकाचें ह्या मुलाकडे लक्ष गेलें व त्यांनीं त्याला शिष्य केलें. अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १८१२ सालीं, थिओबाल्ड म्युनिकच्या एका नाटकगृहांत फ्लूटवादक म्हणून रुजू झाला. दिवसा सोनारकी आणि रात्रीं वादन, असा त्याचा क्रम कित्येक वर्षें चालला. १८१८ सालीं राजदरबारच्या वाद्यवृंदांत जागा मिळाली, तेव्हां कोठें त्याला केवळ संगीतावर उपजीविका करतां येऊं लागली.

येथपर्यंतचें चरित्र एका हुशार व कष्टाळू मुलाचें आहे. तशीं चरित्रें पुष्कळ सांपडतील. बोएम ह्यांचें मोठेपण पुढच्या भागांत आहे. कीर्ति वाढली, गांवोगांवीं दौरे झाले, १८२८ सालीं त्यांनीं स्वतःचा फ्लूटचा कारखानाही काढला. १८३१ सालीं ते लंडनला गेले. तेथें चार्ल्स निकल्सन नांवाच्या इंग्रज वादकाचा भरदार स्वर त्यांच्या कानीं पडला. निकल्सनच्या फ्लूटचीं भोंकें नेहमींपेक्षां मोठीं होतीं, आणि तीं झांकण्याजोगीं त्याचीं बोटेंही मोठीं होतीं. बोएम ह्यांना आपला स्वर त्यापुढें दुबळा वाटला. अशा वेळीं माणूस एक तर मत्सर करतो, नाहीं तर निराश होतो. बोएम ह्यांनीं दोन्हीं न करतां, आपल्या वाद्यांत उणें काय आहे, ह्याचा शोध सुरू केला.

उणीव अशी होती. जुन्या फ्लूटचीं भोंकें बोटांना सहज पोंचतील अशा ठिकाणीं पाडलेलीं असत. स्वर शुद्ध निघण्यासाठीं जेथें भोंक हवें तेथें बोट पोंचत नसे. म्हणून भोंक जवळ आणून लहान करीत. परिणामीं कांहीं स्वर मोकळे व कांहीं घुसमटलेले निघत, आणि वादकाला फुंकर कमीजास्त करून ते सांवरावे लागत. बोएम ह्यांनीं हा क्रम उलटा केला. भोंक स्वराच्या सोयीनें योग्य जागीं व पुरेसें मोठें पाडावें, आणि बोटांची अडचण यंत्ररचनेनें दूर करावी, असें त्यांनीं ठरविलें. त्यासाठीं त्यांनीं भोंकांभोंवतीं धातूचीं कडीं बसविलीं. बोटानें भोंक झांकलें कीं कडें दाबलें जातें, त्याला जोडलेला बारीक दांडा फिरतो, आणि दूरचें दुसरें भोंक गादीच्या झांकणानें बंद होतें. ही नवी फ्लूट १८३२ सालीं तयार झाली.

परंतु ह्या सुधारणेची किंमत पैशांत मोजण्यासारखी नव्हती. नव्या फ्लूटवर बोटें ठेवण्याची पद्धतच निराळी. वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, दरबारचा मान्यवर वादक असतां, बोएम ह्यांना आपल्या बोटांची वीस वर्षांची संवय मोडून नव्यानें शिकावें लागलें. ज्या बोटांवर पोट व लौकिक दोन्हीं अवलंबून, त्यांनाच पुन्हां बिगारींत बसविणें हें धाडस लहान नव्हे. तें त्यांनीं केलें, आणि नव्या वाद्यावर लोकांपुढें वाजवूनच त्याची योग्यता सिद्ध केली.

विरोधही झाला. पॅरिस येथील सुप्रसिद्ध संगीतविद्यालयाचे अध्यापक तुलू ह्यांनीं जुन्या फ्लूटचीच बाजू घेतली, आणि ते होते तोंवर तेथें नव्या रचनेला थारा मिळाला नाहीं. १८६० सालीं डोरस हे त्यांच्या जागीं आल्यावर ती मान्य झाली. गॉर्डन नांवाचा एक लष्करी अधिकारीही त्याच काळीं फ्लूट सुधारण्याच्या खटपटींत होता. तेव्हां बोएम ह्यांनीं त्याची कल्पना उचलली, असा आरोप कांहींनीं केला. बोएम ह्यांनीं गॉर्डनशीं झालेली ओळख लपविली नाहीं. आपण काय व केव्हां केलें तें लिहून लोकांपुढें ठेविलें.

मध्यंतरीं कांहीं वर्षें त्यांनीं लोखंड व पोलाद ह्यांच्या कारखान्यांच्या सुधारणेंतही घालविलीं. मग पन्नाशी उलटल्यावर, १८४६ च्या सुमारास, ते आपले मित्र प्रोफेसर शाफहॉएटल ह्यांच्याजवळ ध्वनिशास्त्राचा अभ्यास करूं लागले. पूर्वींची नळी एका टोंकाकडे निमुळती होत जाई. आतां त्यांनीं ती सारख्या व्यासाची, सुमारें १९ मिलिमीटर पोकळीची, केली. फक्त तोंडाकडील भाग किंचित् वक्रतेनें निमुळता ठेविला. भोंकें इतकीं मोठीं झालीं कीं बोटानें झांकतां येईनात. म्हणून सर्वांवर गादीचीं झांकणें आलीं. १८४७ सालच्या ह्या फ्लूटला १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत व १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत मोठीं पदकें मिळालीं. आजची फ्लूट मुख्यतः ह्याच रचनेची असते. साठीच्या सुमारास त्यांनीं खालच्या स्वराची मोठी फ्लूटही सिद्ध केली. ता. २५ नोव्हेंबर १८८१ रोजीं, वयाच्या सत्त्याऐंशिव्या वर्षीं, म्युनिक येथेंच त्यांनीं देह ठेविला.

आतां क्लॅरिनेटाविषयीं. बोएम ह्यांनीं क्लॅरिनेट कधीं बनविलें नाहीं. पॅरिसचे क्लॅरिनेटवादक क्लोझे व कारागीर ऑग्युस्त ब्युफे ह्या दोघांनीं बोएम ह्यांच्या कड्यांची युक्ति क्लॅरिनेटास लावली. तें वाद्य १८३९ सालीं प्रदर्शनांत मांडलें आणि १८४४ सालीं त्याचा हक्क नोंदविला. सतरा चाव्या व सहा कडीं असलेली हीच रचना बोएम-पद्धति म्हणून जगभर पसरली. 

त्या वडिलांना आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं विकत घेण्यापूर्वीं उणीव कोठें आहे तें आधीं पाहा. मुलाला वाद्यासह बोलाविलें. खालच्या भागाचें तोंड तळहातानें बंद केलें, भोंकें बोटांनीं झांकलीं व वरून हवा ओढून पाहिली, ओढ टिकेना. दोन गाद्या झिजून वारा गळत होता, आणि जोडावरचें बूच सुकलें होतें. खालचे स्वर फाटत होते ते ह्यामुळें. तीं दुरुस्ती थोड्या पैशांत झाली. तोंडाशीं धरावयाचा भाग सामान्य होता. तो चांगल्यापैकीं घेतला, व बोरूची पत्ती मुलाच्या दमाला मानवेल अशी निवडली. उरलेले पैसे बाजूला ठेविले आहेत. पुढें एखादें वापरलेलें लांकडी क्लॅरिनेट जाणत्या वादकाकडून तपासून, लांकडास चीर नाहीं अशी खात्री करून घ्यावें, असें ठरलें. पावसांत वा उघड्या मैदानांत वाजविण्यास जुनें प्लॅस्टिकचें आहेच.

मुलगा प्रथम हिरमुसला होता. दुरुस्त वाद्यावर त्यानें खालचा स्वर काढला, तो खोलीभर घुमला, आणि त्याचा चेहरा बदललेला आम्हीं पाहिला. सोळाव्या वर्षीं म्युनिकच्या सोनाराच्या मुलानेंही फ्लूट स्वतःच घडविली. ऐकणारा कान, काम करणारे हात आणि उणीव शोधण्याची चिकाटी होती. चांगलें वाद्य मिळालें तर आनंदच आहे. परंतु हातांत असलेल्या वाद्याचा दोष ओळखण्यास जो शिकला, त्याला पुढें चांगल्याची पारखही करतां येईल. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं बोएम ह्यांच्या चरित्रांतून एवढें तरी घ्यावें.