सर्पगंधेला मोजून पाहणारे डॉ. वकील

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचे एक नाव ठळक आहे, डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११ चा, पारशी कुटुंबातला. लंडनला शिकून ते परतले आणि पुढे केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. तेव्हा वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मीठ तोडा, विश्रांती घ्या, झोपेचे औषध घ्या. अगदीच हाताबाहेर गेले तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाशावर, वेडावर, सर्पदंशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जाई. तिने रक्तदाबही उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. पण जगाने दखल घेतली नाही. डॉ. वकिलांनी केले ते वरवर कंटाळवाणे काम. रक्तदाब मोजायचा, ठरावीक मात्रेत गोळ्या द्यायच्या, पुन्हा मोजायचा. ५० रुग्णांचा हा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि बॉस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी तिकडे सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतले रेसर्पिन वेगळे केले.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअ‍ॅड्रेनालिनचा साठा रिता करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. दाब उतरला की वाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावरचा मारही कमी होतो. सतत मार बसला तर या अस्तराच्या पेशींना दाह होतो, त्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात, चरबी साचायला वाट मिळते.

सीवूड्सहून आमच्या सरकारी रुग्णालयात येणारे काही जण हळदीच्या कॅप्सूल दाखवून रक्तदाबाची गोळी बंद करू का, असे विचारतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हळदीतले कर्क्युमिन याच अस्तरपेशींचा दाह शमवते, हे खरे. पण पोटातून रक्तात ते फारच थोडे उतरते. गोळी बंद करायची नाही, असे मी सांगतो. (सर्पगंधा तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.)

डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. वापर वाढला तसे रेसर्पिनचे दोषही समोर आले. नाक चोंदणे किरकोळ. पण मोठ्या मात्रेत काहींना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. मात्रा घटवली गेली, मग नवी औषधे आली. डॉ. वकील १९७४ मध्ये गेले. त्यांची गोळी आता क्वचितच लिहिली जाते.