आजन्म ‘बाल’

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की आमच्या भंडाऱ्यात दोन-तीन दिवस मोठे गमतीचे जातात. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर लेकराचा फोटो, खाली गुण, आणि लेकराच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात शिकवणी वर्गाचं नाव! मग त्या लेकराला नवीन नाव चिकटतं, ‘स्कॉलर’. त्याच्या आईचंही नाव बदलतं. कालपर्यंत ती कोपऱ्यावरची वहिनी असते, आजपासून ‘स्कॉलरची मम्मी’. आणि ज्याचा नंबर लागला नाही त्या पोट्ट्याला दिवसभर घरात तेच ऐकावं लागतं.

मागे आमच्या भिशीत यावर खूप हसणं झालं. आम्ही ठरवलं, आपणच हुशार लेकरांना जरा खरी नावं ठेवू. दिवसभर काहून, काहून विचारून डोकं उठवणारा तो ‘काहूनराव’. मिक्सर, रेडिओ, घड्याळ उघडून ठेवणारी आणि परत न जोडणारी ती ‘उघडाबाई’. रात्री अकरा वाजता ज्याला चंद्राबद्दल शंका येते तो ‘झोपमोडे’. मग गाडी आईवडिलांवर आली. क्लासच्या, स्पर्धेच्या, गॅदरिंगच्या दारात लेकराची पाण्याची बाटली, डबा, स्वेटर घेऊन उभी राहते ती ‘पिशवीवाली’, आणि फी भरून पावत्या सांभाळतो तो ‘पावतीवाले’. आमच्यात सहा पिशवीवाल्या निघाल्या. पावतीवाले घरी टीव्ही पाहत होते!

हसता हसता मला मात्र एक माणूस आठवला. दहाव्या वर्षी त्याला एक सुंदर नाव मिळालं आणि ते त्याने एकोणऐंशी वर्षांचा होईपर्यंत वागवलं. नारायण श्रीपाद राजहंस. असं म्हटलं तर कोण हो हे, असंच विचाराल. बालगंधर्व म्हटलं की लगेच ओळख पटते. सुबोध भावेंचा २०११ सालचा सिनेमा आपण बहुतेकींनी पाहिलेला आहे. पण आज मला सिनेमातल्या शालूंपेक्षा त्या नावाबद्दल बोलायचं आहे.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस मूळचे सांगली भागातल्या नागठाण्याचे. वडील श्रीपादराव, आई अन्नपूर्णाबाई. घर साधं मध्यमवर्गीय, पण पोराचा गळा साधा नव्हता. शिक्षणासाठी त्याला जळगावला नातेवाइकांकडे ठेवलं, तिथे मेहबूबखां यांच्याकडे गाण्याचे धडे मिळाले. पुढे पुण्यात, १८९८ च्या सुमारास, या दहा वर्षांच्या मुलाचं गाणं लोकमान्य टिळकांच्या कानावर पडलं. ते खूश झाले आणि त्यांच्या तोंडून या मुलासाठी बालगंधर्व हा शब्द निघाला, असं सांगतात. टिळकांचा शब्द म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट! आपल्याकडे कलेक्टर साहेबांनी लेकराच्या पाठीवर हात ठेवला तर तो फोटो दहा वर्षं दिवाणखान्यात राहतो. इथे तर लोकमान्य होते.

झालं. नारायण मागे राहिला, बालगंधर्व पुढे निघाला.

एक अडचण होती. या गंधर्वाला कमी ऐकू यायचं. गाणाऱ्या मुलाचा कानच अधू! कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष घातलं आणि मिरजेला त्याच्या कानावर इलाज करवला. त्या सुमाराला किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. त्यांचे लाडके भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते आणि तशी स्त्री भूमिका करणारा, तसा गाणारा कुणी मिळत नव्हता. तेव्हा बायका नाटकात कुठे होत्या? शकुंतला असो की सुभद्रा, पुरुषच लुगडं नेसायचे. १९०५ मध्ये नारायण कंपनीत गेला आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभा राहिला. वय सतरा. गाणं पक्कं करून घ्यायला भास्करबुवा बखले मिळाले.

आपल्या भागातल्या बायकांना यात नवल वाटायला नको. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, झाडीपट्टीची नाटकं रंगतात. आमच्या आज्यांनी त्यात पुरुषांनीच केलेल्या नायिका पाहिल्या आणि सकाळी पाण्यावर त्याच नायिकेच्या चालण्याची चर्चा केली. बालगंधर्वांचं प्रस्थ मात्र फारच पुढे गेलं. पुण्या-मुंबईच्या चांगल्या घरच्या बायका त्यांचं नऊवारी नेसणं, अंबाडा, गजरा, दागिने नीट पाहून घ्यायच्या आणि घरी जाऊन तसंच करायच्या. पदर कसा घ्यावा हे बाईने पुरुषाकडून शिकावं, यापरतं काय! एका हळदीकुंकवाला ते बाईच्या वेषात जाऊन आले आणि कुणी ओळखलंच नाही, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे. पण त्यांच्याबद्दल ती सहज खपली, यातच सगळं आलं.

१९०७ मध्ये लग्न झालं. पत्नी लक्ष्मीबाई. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिली पिशवीवाली. बाहेर सगळा महाराष्ट्र ज्याच्या शकुंतलेवर लुब्ध, त्याचा संसार हिला सांभाळायचा. कंपनी आज या गावी, उद्या त्या गावी. रात्र संपली की गंधर्व घरी येणार तो थकून. लक्ष्मीबाईंच्या नेसण्याची, गजऱ्याची नक्कल कुणी केली असेल, असं मला वाटत नाही.

त्यांच्या आयुष्यातला एक दिवस माझ्याने विसरवत नाही. १२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. बालगंधर्वांना भामिनी करायची होती. वय बावीस. आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असंच कुणाच्याही मनात येईल. त्यांनी तो केला. लोक आलेले, तिकिटं गेलेली, कंपनीचं पोट त्यावर. ते रंगले, गायले, भामिनी गाजली, ‘मानापमान’ अजून गाजतंय. नाट्यसृष्टीतला हा त्यागाचा किस्सा म्हणून सांगतात आणि सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो. माझं लक्ष मात्र दरवेळी बिऱ्हाडाकडे जातं. तिथे एक आई बसलेली होती. ती त्या रात्री काय करत होती, हे कुठल्याही किश्शात येत नाही. बालगंधर्व हे नाव नसतं, तो नुसता नारायण असता, तर त्या संध्याकाळी बायकोजवळ बसला असता का? कोण जाणे.

१९१३ मध्ये ते, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि स्वतःची कंपनी काढली. नाव काय ठेवलं? गंधर्व नाटक मंडळी. दहाव्या वर्षीची शाबासकी आता दुकानाच्या पाटीवर चढली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आलं, रुक्मिणी झाली. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’. हे नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी आपल्याच भागात, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. महिनाही उलटला नाही तोच २० फेब्रुवारीला बडोद्याला पहिला प्रयोग झाला. गडकऱ्यांनी आपली सिंधू पाहिलीच नाही. दारुड्या नवऱ्याची ती बायको. भरजरी शालूतल्या गंधर्वांनी फाटकं लुगडं नेसून ती उभी केली आणि लोक रडले. दारूने उठलेले संसार आपल्या गावांतही कमी नाहीत. म्हणून सिंधू इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पण शालूंचं काय झालं? ते खरेच असायचे हो! खरे शालू, खरं अत्तर, नाटकाला लागेल ते उंची. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा! एवढे मोठे वादक एका नाटक कंपनीत. हिशेब कुणी विचारायचा नाही, आणि विचारला तर गंधर्वांना त्यात गोडी नाही. इथे पावतीवाले कमी पडले. कंपनीवर मोठं कर्ज झालं. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत त्यांनी आणि केशवराव भोसल्यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केलं. एवढा गाजलेला प्रयोग झाला, तोही देशासाठी. आपल्या पेटीत खडखडाट असताना! पुढची कितीतरी वर्षं त्यांनी प्रयोग करकरून कर्ज फेडलं. हात आखडता घ्यायला मात्र ते शिकले नाहीत. पैशाच्या बाबतीत ते खरंच ‘बाल’ राहिले. लहानपणापासून कौतुकच झालेल्या माणसाला भाजीचा भाव कोण शिकवणार?

जाता जाता एक गंमत. या नावाची पुढे साथच आली! गायक रामभाऊ कुंदगोळकर आपल्या विदर्भात, अमरावतीला, गायले, आणि दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना सवाई गंधर्व केलं म्हणतात. सवाई म्हणजे सव्वापट. शेजारणीच्या पोराला नव्वद टक्के, माझ्याला पंच्याण्णव, असला हिशेब! मग छोटा गंधर्व झाले, कुमार गंधर्व झाले. तिघेही मोठे कलावंत. पण पहा, छोटा गंधर्व म्हातारपणीही छोटाच, आणि कुमार गंधर्व सदुसष्टाव्या वर्षी गेले ते कुमार म्हणूनच. आपण कौतुकाने नाव ठेवतो तेव्हा हे लेकरू पुढे आजोबा होणार आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

गंधर्वांचं वय वाढू लागलं तशी पंचाईत झाली. बोलपट आले, नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. रंगभूमीवर बायका स्वतः येऊन गाऊ लागल्या. १९३५ मध्ये प्रभातच्या सिनेमात त्यांनी संत एकनाथांचं काम केलं. त्या सिनेमाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि तो ‘धर्मात्मा’ झाला. तिथेही नावाचाच घोळ! दाढीमिशीतले गंधर्व लोकांना फारसे रुचले नाहीत. त्यांनाही कॅमेऱ्यासमोर, टाळ्या नसलेल्या खोलीत करमलं नसावं. ते परत नाटकात आले. अंग सुटलं होतं, चेहरा थकला होता, तरी ते लुगडं नेसून उभे राहत. काही जण म्हणत की आता थांबावं. मला वाटतं, ते थांबणार कसे? थांबून कोण व्हायचं? नारायण तर कधीचा मागे राहिला होता.

या दिवसांत गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. त्यांच्याच गायकीवर जीव टाकणारी गायिका. १९४० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पुढे गंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. गोहरबाई मुसलमान, त्यात नाटकात गाणारी बाई. लोकांनी त्यांना काय काय नावं ठेवली असतील, ती इथे लिहायला नकोत. गंधर्वांच्या पडत्या काळाचं सगळं खापर त्यांच्या माथी फोडणारे खूप होते. पण पाय गेले, उभं राहता येईना, तेव्हा पिशवी धरली ती गोहरबाईंनीच. शालूंच्या काळातले चाहते तेव्हा फार थोडे उरले होते. गोहरबाई १९६४ मध्ये गेल्या. त्याच वर्षी गंधर्वांना पद्मभूषण मिळालं. संगीत नाटक अकादमीचा सन्मान १९५५ मध्येच झाला होता. मान मिळाले, पण घर रिकामं झालं.

त्यांची एक सवय मला फार आवडते. ते समोरच्याला ‘देवा’ म्हणत. मोठा असो, लहान असो, गडी असो की सावकार, सगळ्यांना एकच नाव. स्वतःला जन्मभर एक नाव वागवावं लागलं, दुसऱ्याला देताना मात्र त्यांनी लहानथोर केलं नाही.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात मुठेकाठी एका मोठ्या नाट्यगृहाची पायाभरणी त्यांच्याच हस्ते झाली. वय चौऱ्याहत्तर. स्वतःच्या नावाच्या इमारतीची कोनशिला स्वतः बसवायची, असा योग किती जणांच्या नशिबी येतो! ते उभं राहिलेलं मात्र त्यांनी पाहिलं नाही. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ ला, त्यांच्या वाढदिवशी. असते तर त्या दिवशी ऐंशी पूर्ण झाली असती. दारावर पाटी लागली ती बालगंधर्व याच नावाची.

आमच्या भिशीतल्या काहूनरावाला मी ही सगळी गोष्ट सांगितली. आधी नेहमीप्रमाणे बारा वेळा काहून विचारून झालं. मग तो जरा वेळ गप्प बसला आणि त्याने मला विचारलं ते एवढंच, की त्या मुलीचं नाव काय होतं. ‘मानापमान’च्या दिवशी गेली तिचं. मला सांगता आलं नाही. त्याच्या आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली, आणि आम्ही सगळ्या चहाकडे वळलो.