चिक चॉकलेट : पडद्यामागचा ट्रम्पेट

साताऱ्यातली वरात असो नाहीतर सांगलीतली गणपतीची मिरवणूक, बँडवाल्यांनी ‘शोला जो भडके’ धरलं की पाय थांबत नाहीत. त्यावर नाचलेले मास्टर भगवान सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याच ‘अलबेला’मध्ये (१९५१) झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून एक बँड दिसतो, त्याचा म्होरक्या कोण? मी हॉस्टेलवर विचारून बघितलं, कुणालाच सांगता आलं नाही.

तो चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. तेव्हा गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना पाश्चात्त्य संगीताचं नोटेशन लिहायला-वाचायला शिकवत. आईचं म्हणणं, पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे कमवावेत. (ओळखीचं वाटतंय ना?) पण ह्याला वेड ट्रम्पेटचं! अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. वाजवण्याची ढबही तशीच, म्हणून लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४५ मध्ये बाकीच्या बँडना मागे टाकून त्याच्या ‘म्युझिक मेकर्स’नी मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलचं कॉन्ट्रॅक्ट मिळवलं. पुढे तो ताजमध्येही वाजवायचा.

मग सिनेमा आला. सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्याने ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ केले. संगीतकार चाल द्यायचे. कुठलं वाद्य कधी, किती वाजणार हे कागदावर उतरवायचं काम बहुतेक वेळा गोव्याच्या वादकांकडे असायचं. आपल्या भाषेत, डिझाईन एकाचं आणि असेंब्ली दुसऱ्याची. आईला हवा होता तो मेकॅनिक झालाच म्हणायचा, फक्त गाण्यांचा!

आपल्याकडे प्रोजेक्ट एकजण करतो आणि नावं चौघांची लागतात. तिथे उलटं होतं. स्टुडिओत वीस-तीस जण राबायचे, पडद्यावर नाव संगीतकाराचं. ‘नादान’ (१९५१) या सिनेमाला मात्र संगीतकार म्हणून चिकचं स्वतःचं नाव लागलं. ‘आखरी खत’च्या (१९६६) क्लबमधल्या गाण्यात तो ट्रम्पेट घेऊन उभा दिसतो. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये तो गेला. पन्नाशी नुकतीच उलटली होती.

तेव्हा मंडळी, यंदा मिरवणुकीत जरूर नाचा. पण ट्रम्पेट चढला की शेजारच्याला ह्या माणसाचं नाव तेवढं सांगा.