हातात घड्याळ घेऊन धावलेला माणूस : पावो नुर्मी

फिनलंडमधील तुर्कू या बंदराच्या शहरात १३ जून १८९७ रोजी एका सुताराच्या घरी पावो नुर्मी यांचा जन्म झाला. १९१० मध्ये वडील वारले आणि बारा वर्षांच्या पावोवर घराचा भार पडला. कुटुंबाने स्वयंपाकघर भाड्याने देऊन एका खोलीत संसार मांडला. पावो शाळा सोडून एका बेकरीत पोऱ्या म्हणून लागले. मालाने भरलेली हातगाडी रेल्वे स्थानकाच्या चढावर ढकलत नेणे हे त्यांचे काम. पाठीला आणि पायांना बळ मिळाले ते या चढामुळेच, असे ते पुढे मानत.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील हान्नेस कोलेमाइनेन यांच्या विजयांनी त्यांना वेड लावले. काम सांभाळून ते धावू लागले. मात्र पहिली काही वर्षे त्यांचा सराव लांब, पण संथ होता. दम वाढला, वेग वाढला नाही. हे ध्यानात येताच त्यांनी छोट्या अंतराच्या वेगवान धावांची भर घातली. १९१९ मध्ये सैन्यात भरती झाल्यावरही सराव खंडित झाला नाही.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर शर्यतीत फ्रान्सच्या जोसेफ गिलमो यांनी त्यांना मागे टाकले. १०,००० मीटरमध्ये नुर्मींनी त्याची परतफेड केली. (याच अँटवर्पमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले भारतातर्फे मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले.) तरीही त्या पराभवाचा सल नुर्मींना स्वस्थ बसू देईना. प्रतिस्पर्ध्याकडे पाहून धावण्यापेक्षा प्रत्येक फेरी ठरलेल्या वेळेत पुरी करावी, या विचाराने त्यांनी हातात घड्याळ घेतले. सरावात आणि शर्यतीतही ते घड्याळ त्यांचे सोबती झाले.

या शिस्तीचे फळ आकड्यांत दिसते. जून १९२१ मध्ये त्यांनी १०,००० मीटरचा विश्वविक्रम ३० मिनिटे ४०.२ सेकंदांवर आणला. ऑगस्ट १९२४ मध्ये तो ३० मिनिटे ६.२ सेकंदांवर आला. तीन वर्षांत ३४ सेकंद. ४०० मीटरच्या फेरीमागे हिशेब केला, तर सुधारणा सव्वा ते दीड सेकंदाची. एवढ्याशा फरकाने घडलेला हा विक्रम पुढे सुमारे तेरा वर्षे अबाधित राहिला. विशेष म्हणजे याच काळात ते हेलसिंकीच्या औद्योगिक शाळेत शिकत होते आणि १९२३ मध्ये तेथून उत्तीर्णही झाले.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १,५०० आणि ५,००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, दोन तासांहूनही कमी अंतराने होत्या. नुर्मींनी नशिबावर हवाला ठेवला नाही. १९ जूनला हेलसिंकीत त्यांनी त्याची रंगीत तालीम केली आणि तासाभराच्या आत दोन्ही अंतरांचे विश्वविक्रम मोडले. १० जुलैला पॅरिसमध्ये दोन्ही सुवर्णपदके त्यांचीच झाली. त्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकूण पाच सुवर्णपदके जिंकली. १९२८ पर्यंतच्या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून नऊ सुवर्ण व तीन रौप्य.

पण घड्याळाच्या हिशेबात सगळेच मावत नाही. लॉस एंजेलिसची मॅरेथॉन जिंकून कारकीर्दीची सांगता करावी, ही त्यांची इच्छा होती. प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९३२ मध्ये त्यांना व्यावसायिक ठरवून बाहेर ठेवण्यात आले. हा घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

पुढचे आयुष्य त्यांनी व्यवसायाला दिले. पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले, हेलसिंकीत सुमारे चाळीस निवासी इमारती बांधल्या आणि ते संपन्न झाले. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकची ज्योत घेऊन ते मैदानात आले, तेव्हा स्टेडियम भारावून गेले.

उतारवयात हृदयविकाराने त्यांना गाठले. विज्ञानापुढे आपले धावणे त्यांना फोल वाटू लागले. १९६८ मध्ये त्यांनी हृदयरोग संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामात त्यांना निरोप देण्यात आला.

कार्यालय आणि घर यांच्या मधल्या तासाभरात धावणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना फेरीमागचा तो सव्वा सेकंद आपलासा वाटेल. तो कसा कमवावा, हे नुर्मींच्या तारुण्याने दाखवले. कमावलेले कशासाठी खर्चावे, याचा विचार त्यांच्या वार्धक्याने केला.