आंतरभारतीचे उपासक

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. शिक्षण संपल्यावर १९२४ साली ते खानदेशात अमळनेर येथील शाळेत शिक्षक झाले. विद्यार्थ्यांवर त्यांनी आईसारखी माया केली. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखू लागला.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडून लढ्यात उडी घेतली. सरकारने त्यांना पकडून प्रथम धुळ्याच्या व नंतर दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले. तेथील दाक्षिणात्य सत्याग्रही त्याच ध्येयासाठी शिक्षा भोगीत होते. परंतु त्यांच्याशी मनमोकळे बोलावे, तर भाषा आड येई. ज्या देशासाठी प्राण वेचावयाचे, त्यातील बांधवांचे बोल आपणांस कळू नयेत, याची गुरुजींना खंत वाटली. त्यांनी तुरुंगातच तमिळ शिकण्यास आरंभ केला. पुढे कुरल या प्राचीन तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. लवकरच राज्यकारभाराची भाषा कोणती असावी आणि प्रांतांच्या सीमा कशा आखाव्यात, यांवरून वाद माजले. भाषेच्या अभिमानातून शेजाऱ्याविषयी द्वेष उपजेल, ही चिंता गुरुजींना लागली. मातृभाषेवर प्रेम करावे आणि शेजाऱ्याच्या भाषेचाही आदराने अभ्यास करावा, हा मार्ग त्यांनी दाखविला. रवींद्रनाथ ठाकुरांनी जगातील संस्कृतींना जोडण्यासाठी विश्वभारती स्थापिली होती. त्याच धर्तीवर भारतातील प्रांत जोडणारी आंतरभारती असावी, असे गुरुजींना वाटले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी एकत्र राहावे, परस्परांच्या भाषा शिकाव्यात व उत्तम ग्रंथ आपापल्या भाषेत आणावेत, ही त्यांची कल्पना होती. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती मांडली.

हे स्वप्न साकार होण्यापूर्वीच, ११ जून १९५० रोजी, गुरुजींचे निधन झाले. त्यांच्या अनुयायांनी मात्र आंतरभारतीचे काम पुढे चालविले.

पुण्याजवळ चाकणच्या औद्योगिक भागात निघोजे हे गाव आहे. आज त्या परिसरातील कारखान्यांत अनेक राज्यांतून आलेले कामगार खांद्याला खांदा लावून राबतात. त्यांची मुले मराठी शिकतील आणि गावची मुले त्यांच्या भाषेतील चार शब्द आवडीने शिकतील, तर गुरुजींची आंतरभारती तेथे आपोआप उभी राहील.