रात्री चितळ आडवं आलं, ब्रेक लागला... यात पास्कलचा काय संबंध?

चंद्रपूरहून मूलकडे रात्री कारने निघालात. दोन्ही बाजूंना जंगल. अचानक हेडलाइटमध्ये चितळांचे डोळे चमकतात. पाय ब्रेकवर जातो आणि टनभर वजनाची गाडी जागेवर थांबते.

आता पायात काही टनभर वजन रोखायची ताकद नसते. मग गाडी थांबवली कोणी? उत्तरासाठी १७व्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावं लागतं. माणसाचं नाव ब्लेझ पास्कल.

१९ जून १६२३ रोजी क्लेरमाँ इथं त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एटिएन करखात्यातले अधिकारी. पोराने आधी लॅटिन आणि ग्रीक शिकावं म्हणून त्यांनी घरातली गणिताची पुस्तकं लपवून ठेवली. पण बाराव्या वर्षी हे पोरगं जमिनीवर कोळशाने त्रिकोण काढत भूमितीचे नियम स्वतःच शोधत बसलेलं सापडलं. बहिणीने हा किस्सा लिहून ठेवलाय. पुढे वडील करांच्या आकडेमोडीत बुडाले, तेव्हा त्यांच्यासाठी त्याने १६४२ पासून बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. तेव्हा तो १९ वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता. तब्येत मात्र त्याच सुमारास बिघडली, ती कायमचीच.

खरी गोष्ट इथून सुरू होते. हवेला वजन असतं का, यावर तेव्हा विद्वानांची भांडणं चालू होती. पास्कलने पॅरिसहून आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्यु-द-दोम डोंगरावर चढायला लावलं. १९ सप्टेंबर १६४८. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटीमीटर खाली उतरला. वर हवा विरळ, म्हणून तिचा दाब कमी. वाद मिटवायला हा भक्कम पुरावा होता.

मग तो द्रवांकडे वळला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्याचा नियम. दोन पिस्टन घ्या, मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या शंभरपट ठेवा. लहान पिस्टनवरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरेल. फुकट काही नाही हं. लहान पिस्टन १०० सेंटीमीटर दाबला, तर मोठा फक्त एक सेंटीमीटर हलतो.

कारमध्ये हेच घडतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. तो बारीक पाइपांतून चारही चाकांपर्यंत जातो, तिथले मोठे पिस्टन पुढे सरकतात आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. (एसटी आणि कोळशाच्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात, ती वेगळी गोष्ट.)

पाइपात हवा शिरली तर? ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. मग पेडल स्पंजसारखं आत जातं आणि ब्रेक लागतच नाही. गॅरेजमध्ये 'एअर काढतात' ती याचसाठी. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पुन्हा तोच घोळ.

डोंगरावरचा प्रयोगही बॉनेटखाली हजर आहे. पेडलच्या पुढचा तो गोल डबा म्हणजे बूस्टर. बहुतेक गाड्यांत त्याच्या एका बाजूला निर्वात जागा असते आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आपल्या पायाला मदत करते. इंजिन बंद पडलं की ती निर्वात जागा पुन्हा तयार होत नाही. एक-दोनदा ब्रेक दाबून झाला की पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून कुरखेड्याहून कोरचीला जाताना बेडगाव घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणं जिवावर बेतू शकतं.

पास्कलला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. १६५४ च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री त्याला जबरदस्त धार्मिक अनुभव आला आणि विज्ञान बरंचसं मागे पडलं. तरी १८ मार्च १६६२ रोजी त्याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावरची घोडागाडी सुरू झाली. भाडं पाच सू. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. ही गाडी मात्र रिकामी असली तरी वेळेवर सुटायची. पण सैनिक, नोकर आणि मजुरांना तिच्यात चढायला बंदी होती.

पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, तो गेला. वय फक्त ३९. द्रवांवरचा त्याचा ग्रंथ छापून आला १६६३ मध्ये. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्याच नियमावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग कार अमेरिकेत आली ती थेट १९२१ मध्ये.