सुब्बारावांचे औषध आणि कोंबड्यांचे खाद्य

येल्लाप्रगडा सुब्बाराव मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते, हे वाचून आपल्या विद्यार्थ्यांना थोडा धीर येईल. १८९५ साली भीमवरमला जन्मलेला हा तेलुगू मुलगा पुढे मद्रासला वैद्यक शिकला. पण तेथे त्याने खादी अंगावर घेतली, इंग्रज प्राध्यापकांची गैरमर्जी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी दुय्यम प्रमाणपत्र पदरात पडले. भाऊ संग्रहणीने दगावला. त्याच व्याधीने सुब्बारावांनाही गाठले. ते बचावले एका वैद्यराजांच्या उपचारांमुळे.

१९२२ साली ते बोस्टनला गेले, ते मायदेशी परतलेच नाहीत. हार्वर्डमध्ये शिकत असता रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करून त्यांनी दिवस काढले. पुढे लेडर्ले या औषधकंपनीत संशोधनाचे प्रमुखपद मिळाले. तेथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत सिद्ध केले. भावाचा बळी घेणाऱ्या संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. हत्तीरोगावरील औषधही तेथलेच. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सत्तरी ओलांडलेल्या बेंजामिन डग्गर यांना मिसुरीच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून सोनेरी रंगाचे प्रतिजैविक मिळाले. ऑरिओमायसिन या नावाने ते १९४८ मध्ये जाहीर झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वयाच्या ५३व्या वर्षी निवर्तले.

पुढची हकीकत त्यांनी पाहिली नाही. वर्षअखेरीस त्याच कंपनीतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड जीवनसत्त्वाच्या शोधात कोंबडीच्या पिलांना ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा खाऊ घालीत होते. ती पिले अपेक्षेहून झपाट्याने वाढली. चोथ्यात औषधाचा अंश राहिला होता. १९५० मध्ये ही वार्ता फुटली आणि रोग्यासाठी शोधलेले औषध निरोगी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाऊ लागले, तेही अत्यल्प मात्रेत. अशा मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत. जे तग धरतात त्यांचीच प्रजा वाढते, आणि प्रतिकाराचे गुण ते दुसऱ्या जातींच्या जंतूंनाही देतात. १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर हे दाखवून दिले. ऑरिओमायसिनच्याच कुळातील औषध पिलांना दिले, आणि काही महिन्यांत शेतावरील कुटुंबाच्या आतड्यांतही त्या औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. घरच्यांपैकी कोणी ते औषध घेतले नव्हते!

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबविले. युरोपीय संघाला त्यासाठी २००६ उजाडावे लागले. कंपन्यांचे हित आणि स्वस्त मांसाची चटक यांपुढे शास्त्रज्ञांचे इशारे किती वर्षे ताटकळतात, याचा हा हिशेब आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. त्यांत ऑरिओमायसिनच्या कुळातील औषधेही होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यास बंदी घातली; इतर औषधे निकामी झाल्यावर डॉक्टर ज्याचा आधार घेतात, ते हे औषध. ती बंदी कोलिस्टिनपुरती होती.